झाकलेलं माप

दामिनीबाई नान्हे रागावल्या की लाह्या फुटाव्यात तशा ताडताड फुटायच्या आणि पाणी प्यायच्या आत गार व्हायच्या. पण बाई गार झाल्या हे पोरांना कळायला हवं ना! तोवर अर्धी पोरं नळावर हात धुवायला आणि उरलेली अर्धी हात धुणाऱ्यांना बोलवायला गेलेली असायची. बाईंच्या हातून मार कुणी खाल्ला नाही, पण तोंडाचा पट्टा मात्र सगळ्यांनीच सोसला. त्या स्वतःच म्हणायच्या, "माह्या तोंडाले लगाम नाई, देवानं दुकान लवकर बंद केलं असंन त्या दिवशी."

बाई मूळच्या ब्रह्मपुरीकडच्या, तळ्याकाठच्या ढिवराच्या घरातल्या. बाप केवळराम तळ्यात जाळं टाकायचा, आई गोकुळा डोक्यावर टोपलं घेऊन मासोळ्या विकायची. पोरीनं शिकावं म्हणून दोघांनी हाडाची काडं केली. दामिनी डी.एड. झाली, आणि त्याच वर्षी ब्रह्मपुरीच्या बाजारात निघालेल्या एका क्लासात जाऊन कॉम्प्युटरचं सर्टिफिकेटही घेऊन आली. बाप ते सर्टिफिकेट उलटंसुलटं करून बघायचा आणि आल्यागेल्याला दाखवायचा. या केवळरामची एक सवय पोरीला लहानपणी फार खटकायची. पहिलं जाळं वर आलं की त्यातली एक मासोळी तो पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा. "काऊन फेकता बाबा? आपल्या हातानं?" म्हणून ती पाय आपटायची. तो हसून म्हणायचा, "तळ्याले उपाशी ठेवू नये, बेटी." पोरीला ते कधी पटलं नाही.

नोकरी लागली ती पार गडचिरोलीच्या जंगलात, मोहटोल्याच्या आश्रमशाळेत. हेमलकशाकडे जाणाऱ्या गाडीतून मधेच उतरायचं आणि मग पायी. शाळेत सगळी आजूबाजूच्या पाड्यांवरची गोंड-माडिया पोरं. मराठी शाळेपुरतं, बाकी सगळं गोंडीत. बाईंना पहिल्या वर्षी गोंडीतलं "उंदी, रंड, मूंड", म्हणजे एक, दोन, तीन, एवढंच यायचं, त्याच्या पुढं गाडी सरकायची नाही. पोरं त्यावर खुशाल हसायची.

दोन हजार तीन साली शाळेत कॉम्प्युटर आला. आला म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भाताच्या तणसाच्या गादीवर बसून नवरदेवासारखा आला. मुख्याध्यापक गुणवंतरावांनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि घरून आणलेली भरतकामाची चादर त्याच्यावर पांघरून ऑफिसला कुलूप लावलं. "बिघडला तर जबाबदार कोण?" हा त्यांचा ठरलेला सवाल. तसंही बिघडायला आधी चालायला पाहिजे, आणि चालायला लाईट पाहिजे. लाईट तर पाहुण्यासारखी, आली तर आली. चौथीची पोरं खिडकीच्या गजांना नाक लावून ती चादर बघत उभी राहायची.

बाईंच्या जिवाची नुसती तगमग व्हायची. अहो, शिकून आलोय, मशीन समोर आहे, आणि पोरांना दाखवायची काय, तर चादर! शेवटी एक दिवस त्यांनी पोरांना सांगून टाकलं, "ते खोकं काही मोठं शहाणं नाई बरं. त्याले दोनच गोष्टी समजतेत. आहे, नाई तं नाही. एक, नाई तं शून्य. त्याच्यावरच त्याचा सारा कारभार चालते."

पोरं खदखदून हसली. एवढं नारळ फोडून आणलेलं खोकं, आणि त्याला दोनसुद्धा मोजता येत नाहीत! पण कोपऱ्यात बसलेली सुकरी हसली नाही. ती कोलूची पोरगी, पलीकडच्या पाड्यावरची. फार बोलायची नाही. तिनं विचारलं, "मंग ते पाच कसं मोजते, बाई?"

हा प्रश्न बाईंना इतका आवडला की त्या हातातला खडू घेऊन जवळजवळ धावतच फळ्याकडे गेल्या. एक-शून्य-एक लिहिलं आणि म्हणाल्या, "हे पाच." पोरांनी एका सुरात वाचलं, "एकशे एक!" बाई म्हणाल्या, "नाई रे, पाच." पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंचं काहीतरी बिनसलंय, असंच सगळ्यांना वाटलं. तास संपेस्तोवर बाईंनी फळा भरला, पुसला, पुन्हा भरला, पण एकाच्याही डोक्यात काही शिरलं नाही. आणि सुकरीचा प्रश्न होता तिथंच राहिला.

उपाय सापडला तो स्वयंपाकघरात. तिथं केसरबाई, शाळेचं जेवण रांधणारी, तांदूळ मोजत बसलेली. तिच्यापुढं लाकडी मापं ओळीनं मांडलेली होती. पावशेर, अर्धा शेर, शेर, अधोली, पायली. दोन पावशेर म्हणजे अर्धा शेर, दोन अर्धे म्हणजे शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक माप आपल्या आधीच्याच्या दुप्पट. बाईंनी कपाळावर हात मारला. "अगा बाप्पा, हे तं सारं इथीच मांडलेलं हाये!" केसरबाईला काही कळलं नाही. ती म्हणाली, "हात धुऊन घ्या आधी, खडूचे हायेत."

दुसऱ्या दिवशी मापं वऱ्हांड्यात आली. बाईंनी नियम सांगितला. प्रत्येक माप एकदाच वापरायचं, भरायचं नाहीतर रिकामं ठेवायचं. पावशेर म्हणजे एक धरा, मग अर्धा शेर दोन, शेर चार, अधोली आठ, पायली सोळा. आता पाच पावशेर तांदूळ द्यायचे तर? लालसू नावाचं एक धटिंगण पोर होतं, ते लगेच ओरडलं, "शेर भरा, पावशेर भरा!" चार आणि एक, पाच. बाकीची मापं रिकामी. बाईंनी भरलेल्या मापाखाली खडूनं एक लिहिला, रिकाम्याखाली शून्य, आणि फळ्यावरचं ते कालचं एक-शून्य-एक पोरांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. मधलं शून्य म्हणजे न भरलेला अर्धा शेर! असा गलका झाला की गुणवंतराव ऑफिसातून बाहेर आले. सहा झाले, सात झाले, दहा झाले. दहाला सुकरीनं अधोली आणि अर्धा शेर भरला, कुणी सांगायच्या आधी. बाईंना वाटलं, पोरीला आता उचलून घ्यावं.

मग दुसरा खेळ. अर्ध्या पोरांनी मापं मांडायची, उरलेल्यांनी बाहेरून येऊन नुसतं बघून आकडा ओळखायचा. आणि इथं सगळा घोळ झाला. बाहेरून आलेली पोरं मापांकडे बघत उभीच राहिली. कारण रिकाम्या मापांतही तांदूळ. थोडेच, मूठभर, पण तांदूळ.

"रिकामं म्हणजे रिकामं," बाई म्हणाल्या. "मशीनले मूठभर समजत नाई." त्यांनी मापं ओतली, पुन्हा मांडायला लावली. पुन्हा तेच. एकदोघांनी बाईंचा चेहरा बघून तांदूळ काढले, पण सुकरीनं अधोलीत परत मूठ टाकली. बाईंनी ती काढली. सुकरीनं पुन्हा टाकली. "काऊन टाकतेस? बोल ना!" सुकरीनं अधोली पोटाशी धरली. एवढा सुंदर जमलेला तास डोळ्यांदेखत विस्कटत होता, आणि तोही याच पोरीच्या हट्टापायी. लाह्या फुटल्या. बाईंनी तिच्या हातातली अधोली हिसकली, फरशीवर पालथी घातली आणि ठकठक आपटली. "हे शून्य! दिसलं? काईच नाई! डोस्क्यात भुसा भरला काय तुह्या?"

लालसूसुद्धा हसला नाही. सुकरी बाईंकडे बघत नव्हती, त्या पालथ्या मापाकडे बघत होती.

सकाळी प्रार्थनेला सुकरी नव्हती. पोरींनी सांगितलं, उजाडता उजाडता निघून गेली. गुणवंतराव जांभई देत म्हणाले, "पोरं पळतातच मॅडम. मन लावून घेऊ नका." ते खरंच होतं, पळायची. पण बाईंना हेही ठाऊक होतं की पळालेलं पोर, त्यातून चौथीतली पोरगी, बहुधा परत येत नाही. घरच्या कामाला लागते, मग लग्न, मग संपलं. हसली नव्हती ती एकटीच, विचारलं होतं तिनं एकटीनंच. आणि आपल्या तोंडानं तिला घालवली. बाईंनी पायात चपला घातल्या. केसरबाई म्हणाली, "थांबा, मी बी येतो. तुमची गोंडी आयकून तं कुत्रे बी भुंकतीन."

रानातल्या वाटेनं दोघी निघाल्या. बरंच चालून झाल्यावर केसरबाईनं पदरानं घाम पुसला. मग म्हणाली, "बाई, राग मानू नका. तुमी ते माप झटकाले नको होतं."

"काऊन?"

"इकडं माप कवाच पुरं रिकामं करत नाई. मूठभर तरी राहू देते. उपाशी माप घरातलं मानूस मोजून नेते म्हणतेत. झटकून पालथं घालतेत ते एकाच टायमाले. घरातलं कोनी गेलं का." मग म्हणाली, "सुकरीची माय पोटुशी हाये. दिवस भरत आले."

पोरगी रुसून पळाली नव्हती. आई जिवंत आहे का ते बघायला पळाली होती. एवढ्याशा जिवानं रात्र कशी काढली असेल, हे मनात आलं आणि बाई वाटेतल्याच एका दगडावर बसून रडल्या. केसरबाई शेजारी उभी राहिली.

कोलूच्या अंगणात धानाची रास पडली होती. सुकरीची आई भिंतीला टेकून सुपात निवडत बसलेली, ठणठणीत. सुकरी तिच्या पदराचं टोक मुठीत धरून शेजारी. बाईंना बघताच तिनं मूठ आणखी आवळली. कोलू रास मोजत होता. त्यानं वर पाहिलं, पण हात थांबवला नाही. माप भरलं, ओतलं, पुन्हा भरलं. प्रत्येक वेळी ओतताना तळाशी थोडं धान राहू देत होता. काल हेच सगळं वऱ्हांड्यात घडलं होतं, आणि बाईंना त्यात हट्ट दिसला होता. मोजणं संपल्यावर त्यानं मापात वरून एक मूठ टाकली आणि ते राशीशेजारी ठेवलं. बाईंना आपला बाप दिसला, जाळ्यातली मासोळी पाण्यात सोडताना. एवढी वर्षं ती मासोळी फुकट गेली असं त्यांना वाटत आलं होतं.

"कोलूभाऊ," बाई म्हणाल्या, "माहं चुकलं. मले ठाऊक नव्हतं. पन ठाऊक नव्हतं तं विचारा लागत होतं. मी विचारलं नाई, आपटलं."

कोलूनं केसरबाईकडे पाहिलं. तिनं गोंडीत सांगितलं, जरा लांबवूनच. तो म्हणाला, "पोरगी रडत आली. रस्त्यात अस्वल राह्यते, बाई."

मग सुकरी पहिल्यांदा बोलली. "बाई, शाळेतलं माप अजून रिकामंच हाये?"

अधोली बाईंनी तशीच पालथी सोडली होती. केसरबाई चटकन म्हणाली, "नाई वो माय. मी त्याच सांजेले उचललं, तांदूळ टाकले आन ठेवलं जाग्यावर." सुकरीच्या हातातला पदर सुटला. खरं सांगायचं तर बाईंचाही जीव तेव्हाच भांड्यात पडला.

"मंग शून्य कसं दाखवाचं वो सुकरी?" बाईंनी विचारलं. या वेळी त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. "भरलं तं एक. आन नाई भरलं तं? रिकामं तं ठेवता येत नाई."

सुकरीनं थोडा विचार केला. उठली, कुंपणाजवळच्या पळसाची पानं तोडून आणली. घरातली मापं ओळीनं मांडली. शेर भरला, पावशेर भरला. बाकीच्यांत मूठभर धान टाकून त्यांची तोंडं पानांनी झाकली. "झाकलेलं आज मोजाचं नाई," ती म्हणाली. "पन ते हाये. आपल्या जाग्यावर हाये."

बाई त्या झाकलेल्या मापांकडे बघतच राहिल्या. शून्य म्हणजे काहीच नाही, असं त्या स्वतः शिकल्या होत्या आणि तसंच शिकवत होत्या. पण काहीच नसतं तर एक-शून्य-एक मधलं शून्य पुसूनच टाकलं असतं की! मग शेर अर्ध्या शेराच्या जागी घसरला असता आणि पाचाचे तीन झाले असते. ते जागा धरून बसलेलं असतं म्हणून तर शेर शेर राहतो. हे ब्रह्मपुरीच्या क्लासात त्यांनी पाठ केलं होतं. समजलं आत्ता.

निघताना त्यांनी कोलूला विचारलं, "पाठवसान ना पोरीले?" तो राशीकडे बघत म्हणाला, "पाहू." त्या भागात इतकी वर्षं काढली की "पाहू" म्हणजे बहुधा नाहीच, हे कळतं. परतीच्या वाटेवर केसरबाईनं दोनदा विषय बदलून पाहिला.

शाळेत पळसाची पानं आली. आता बाईंनी पोरांनाच मापं केलं. पाच जण ओळीनं टाटपट्टीवर बसायचे. जो मोजायचा असेल त्यानं उभं राहायचं, नसेल त्यानं डोक्यावर पान धरून बसायचं. पहिल्याच दिवशी भांडण. अधोलीची जागा सुकरीची ठरवली होती, पण ती शाळेत आलेली नसल्यानं पलीकडचा लालसू सरकून तिच्या जागी बसला. बाकीची पोरं हिशोब करून म्हणाली, "आता तू आठ." लालसू उसळला, "मी पायली हाये! मी सोळा हाये! आठ काऊन?" बाई म्हणाल्या, "तू तिची जागा बुजवली म्हणून." लालसू मुकाट्यानं मागं सरकला. मधे जागा राहिली. बाईंनी त्या जागेवर पळसाचं एक पान ठेवलं.

ते पान तिथंच राहिलं. मराठीच्या तासाला, जेवणाला, झाडताना. गुणवंतराव एकदा म्हणाले, "मॅडम, हा काय कचरा वर्गात?" बाई ताडकन म्हणाल्या, "कचरा नाई सर, सुकरीची जागा हाये." सर गेले ते पुन्हा त्या वाटेला फिरकले नाहीत. पान सुकून कुरकुरीत झालं की कुणीतरी न सांगता नवं आणून ठेवायचं. बाईंनी कधी विचारलं नाही कोण ठेवतं. एकदा त्यांनी खिडकीतून लालसूला पळसावर चढलेला पाहिला आणि त्या दिवशी त्याला गृहपाठ न केल्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

दिवस जात राहिले. धानाची कामं उरकली, मोहफुलं वेचायला अजून अवकाश होता. बाई रोज प्रार्थनेला फाटकाकडे पाठ करून उभ्या राहायच्या. तिकडे बघत राहिलं की जीव थाऱ्यावर राहत नाही, असं त्यांनी केसरबाईला सांगितलं होतं. मनातून त्यांनी आशा सोडली होती. हेही सांगायला हवं की सोडल्यावर त्या ढसाढसा रडल्या, आणि आईला निरोप धाडला की आता मला तुमच्याकडेच बदली पाहिजे.

एका सकाळी वर्ग चालू असताना दारात सावली पडली. कोलू होता. त्याच्यामागं सुकरी, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. "पोरगी झाली," कोलू म्हणाला. "माय चांगली हाये." बाईंच्या तोंडून शब्द फुटेना. ज्यांच्या तोंडाला लगाम नव्हता त्याच या बाई.

कोलूची नजर टाटपट्टीवर गेली. पोरांची ओळ, मधे रिकामी जागा, जागेवर हिरवं पान. "हे काय?" त्यानं विचारलं.

"सुकरीची जागा," लालसू म्हणाला.

"सुकरी तं नव्हती."

"नव्हती म्हणून तं पान," लालसू म्हणाला, एवढंही कसं समजत नाही अशा आवाजात.

कोलूनं त्या पानाकडे पाहिलं. माप कधी रिकामं न ठेवणाऱ्या, आणि पोरीनं अंगणात पानांनी झाकलेली मापं पाहिलेल्या माणसाला त्याचा अर्थ कुणी गोंडीत सांगायची गरज नव्हती. तो वाकला, पान उचललं, नीट घडी करून आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि पोरीच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढं केलं.

सुकरी लालसूच्या शेजारी जाऊन उभी राहिली. खाली बसली नाही. ताठ उभी राहून बाईंकडे बघत म्हणाली, "बाई, आता मले मोजा."